कुंभकोणम ते डर्बन : जगाचा धडा देणारे शिक्षक घडवण्याचा इतिहास

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली सतरा शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली. त्यांतील चौथे उद्दिष्ट शिक्षणाचे आहे. त्याचे सातवे लक्ष्य, म्हणजे ४.७, असे सांगते की २०३० पर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला शाश्वत विकासासाठी लागणारे ज्ञान आणि कौशल्य मिळावे. त्यात मानवी हक्क, स्त्री-पुरुष समानता, शांतता आणि जागतिक नागरिकत्व यांचाही समावेश आहे. हे लक्ष्य कितपत साधले ते चार ठिकाणी तपासायचे असते : शासनाची धोरणे, अभ्यासक्रम, शिक्षकांचे शिक्षण आणि विद्यार्थ्यांचे मूल्यमापन. धोरणे आणि अभ्यासक्रम यांवर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते, परीक्षेवर त्याहून अधिक. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या माणसाकडे, मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते.

अध्यापक महाविद्यालयांतील पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत अशी असते की जागतिक शिक्षण, शाश्वततेचे शिक्षण हे सारे अलीकडचे आणि परदेशातून आलेले आहे. शब्द नवे आहेत हे खरे. पण मुलाला आपल्या गावापलीकडचे जग कसे शिकवावे, पायाखालची जमीन आणि पाणी कसे जपायला शिकवावे आणि हे शिकवणारा माणूस आणायचा कुठून, हे प्रश्न जुने आहेत. प्रस्तुत पाठात आपण हे प्रश्न एकाच परिसराच्या आधारे पाहणार आहोत. तो परिसर म्हणजे तमिळनाडूतील कुंभकोणम आणि त्याच्या भोवतालचा कावेरीचा त्रिभुज प्रदेश. मराठी वाचकाला हा भाग परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यापासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांचे राज्य होते, आणि येथल्या मराठी घराण्यांनी पुढे निम्म्या हिंदुस्थानात दिवाणगिरी केली.

कुरवंजीतून भूगोल

दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांचे शिक्षण जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झाले. श्वार्ट्झ ज्या मिशनचे होते ते कुंभकोणमहून समुद्राच्या दिशेने गेल्यावर लागणाऱ्या तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीत १७०६ मध्ये सुरू झाले होते. आपल्या शाळांसाठी शिक्षक आणि उपदेशक तयार करण्याचा वर्ग या मिशनने १७१६ मध्ये काढला. भारतातील औपचारिक शिक्षक-प्रशिक्षणाचा इतिहास लिहिताना बरेच लेखक येथूनच सुरुवात करतात. या वर्गाचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे विसरता कामा नये. पण शाळा काढायची तर आधी शिकवणारे तयार करावे लागतात ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते.

सरफोजी १७९८ मध्ये गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, आसपासचा थोडा मुलूख आणि नेमणूक उरली. राज्य गेल्यावर या राजाने ज्ञानाकडे मोर्चा वळवला असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे वाटते, कारण मधल्या काळात त्यांनी एका गोष्टीसाठी कंपनीशी चिकाटीने पत्रव्यवहार केला. ती गोष्ट म्हणजे छत्रे. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना अन्न देणाऱ्या या धर्मशाळा आपल्याकडेच राहू द्याव्यात, अशी विनंती करताना १८०१ च्या पत्रात त्यांनी छत्रांमध्ये काय काय चालते याचे वर्णन केले आहे. जेवणावळीबरोबर तेथे वेद शिकवणारे गुरू, शाळेचा पंतोजी आणि आजाऱ्यांसाठी वैद्यही असत. अन्न, औषध आणि अक्षर एकाच छताखाली देणाऱ्या या संस्थेला आजच्या परिभाषेत काय म्हणावे हे विद्यार्थ्यांनी ठरवावे. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे यांतले विशेष प्रसिद्ध.

सरफोजींच्या शाळांना 'नवविद्या' असा शब्द वापरला जाई. मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत, फारसी आणि इंग्रजी या भाषा तेथे होत्या. राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखानाही उभा राहिला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यावर इसापाच्या कथांचा मराठी अनुवाद, 'बालबोध मुक्तावली', छापला गेला. मुंबई-पुण्यात मराठी क्रमिक पुस्तकांची चळवळ सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे साधन मात्र एक नाटक आहे. 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक सरफोजींच्या नावावर सांगितले जाते. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार आहे. त्यात डोंगरात राहणारी, भविष्य सांगणारी कुरवर जमातीची स्त्री विरहिणी नायिकेकडे येते, तिचा हात पाहते आणि त्याआधी आपला डोंगर, आपला देश, आपण पाहिलेली गावे यांचे वर्णन करते. हे देशवर्णन या प्रकाराचा ठरलेला भाग आहे. प्रेक्षक त्याची वाट पाहतात. सरफोजींच्या नाटकात नायिका इंद्राणी आहे, आणि कुरवंजी तिला जे वर्णन ऐकवते ते पृथ्वीच्या खंडांचे, देशांचे, नद्यांचे आणि शहरांचे, म्हणजे युरोपीय ग्रंथांतून आलेल्या नव्या भूगोलाचे आहे.

यात शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. पुराणातील सात द्वीपे आणि सात समुद्र ज्यांच्या मनात पक्के बसले आहेत अशा श्रोत्यांसमोर नवा भूगोल मांडायचा होता. राजाने पंडितांशी वाद घालण्याचा मार्ग घेतला नाही. लोकांना ठाऊक असलेल्या नाट्यप्रकारातील जी जागा आधीच भूगोलासाठी राखीव होती, ती त्याने हेरली. शिवाय सांगणारी कोण, तर भटकी स्त्री. जिने पाय झिजवून देश पाहिला आहे तिच्या तोंडी जगाचा नकाशा शोभतो. आज आपण शिक्षकांना 'परिचिताकडून अपरिचिताकडे' हे सूत्र पाठ करायला लावतो. त्याचे याहून चांगले उदाहरण मला मराठीत माहीत नाही, आणि ते आपल्या एकाही बी.एड.च्या पुस्तकात मी पाहिलेले नाही.

अर्थात हा प्रयोग दरबाराच्या आधाराने उभा होता. नवविद्या शिकवू शकतील असे शिक्षक पुढे तयार होत राहावेत अशी टिकाऊ व्यवस्था त्यातून निर्माण झाली नाही. राजा गेला, पुढे राज्यही खालसा झाले. सरस्वती महाल ग्रंथालय राहिले, शाळांचे काम थांबले.

मन्रोची मोजणी

मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये सर्व जिल्ह्यांतील देशी शाळांची मोजणी करवली. जिल्हाधिकाऱ्यांचे अहवाल आले तेव्हा १,२८,५०,९४१ लोकसंख्येच्या इलाख्यात १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी आढळले. तंजावर जिल्ह्यात ८८४ शाळा होत्या आणि उच्च विद्येची १०९ ठिकाणे, जी त्या अहवालात कॉलेज म्हणून नोंदली गेली. धरमपाल यांनी १९८३ मध्ये हे अहवाल पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्यापासून या आकड्यांवर पुष्कळ वाद झाला आहे. इंग्रजांपूर्वी भारतात शिक्षण किती पसरले होते, हा त्या वादाचा विषय. त्या वादात शिरण्याचे हे ठिकाण नव्हे.

आपल्या कामाचा भाग वेगळा आहे. १० मार्च १८२६ च्या टिपणात मन्रो शाळांच्या दुरवस्थेची कारणे देतात, त्यांत शिकवणाऱ्यांची तुटपुंजी कमाई आणि चांगल्या शिक्षकांची वाण ही प्रमुख आहेत. महिन्याला सहा-सात रुपयांपलीकडे प्राप्ती नसलेल्या धंद्यात लायक माणूस येणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. म्हणून आधी मद्रासला शिक्षक तयार करणारी शाळा, मग जिल्ह्याच्या आणि तहसिलीच्या शाळा, असा क्रम त्यांनी सुचवला. पुढच्याच वर्षी मन्रो पटकीने वारले. तहसिलीच्या शाळा घाईने उघडल्या गेल्या, पण त्यांत बसवायला तयार शिक्षक नव्हते. १८३६ मध्ये त्या बंद झाल्या. क्रम उलटा झाला की काय होते याचे हे पहिले सरकारी उदाहरण म्हणता येईल.

त्यानंतर वीस वर्षे गेली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षक-प्रशिक्षणावर भर दिला आणि १८५६ मध्ये मद्रासला सरकारी नॉर्मल स्कूल निघाले. ते पुढे सैदापेठला गेले आणि शिक्षक महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. मुंबई इलाख्यात बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ च्या सुमारास नॉर्मल क्लास चालवला होता, याची या ठिकाणी आठवण ठेवावी. सैदापेठचे नाव या पाठात पुन्हा येणार आहे.

कावेरीकाठचे कॉलेज

कुंभकोणमला १८५४ मध्ये सरकारी प्रांतिक शाळा निघाली आणि १८६७ मध्ये तिचे कॉलेज झाले. प्राचार्य विल्यम आर्चर पोर्टर आणि त्यांचे सहकारी तंजावरी मराठी घराण्यातील टी. गोपाळराव (१८३२–१८८६) यांनी ते इतके नावारूपाला आणले की लोक त्याला दक्षिणेचे केंब्रिज म्हणू लागले. गोपाळराव पुढे स्वतः प्राचार्य झाले. एतद्देशीय माणसाला सरकारी कॉलेजचे प्रमुखपद मिळणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. गावातील पोर्टर टाउन हॉल आणि गोपाळराव ग्रंथालय ही नावे त्यांच्या स्मरणार्थ आहेत. गणिती रामानुजन १९०४ मध्ये याच कॉलेजात दाखल झाले, आणि गणितापुढे बाकीचे विषय सुचेनात म्हणून शिष्यवृत्ती गमावून बसले. पण तो वेगळ्या पाठाचा विषय आहे.

हे काही शिक्षक-प्रशिक्षणाचे कॉलेज नव्हते. तरी येथून बाहेर पडलेले पदवीधर इलाखाभर शाळांत शिक्षक म्हणून गेले, आणि त्यांनी शिकवण्याची पद्धत उचलली ती आपल्या प्राध्यापकांकडे पाहून. औपचारिक प्रशिक्षण नसते तेथे शिक्षक आपल्या शिक्षकाची नक्कल करतो. चांगल्या शिक्षकाची नक्कल झाली तर ठीक, पण त्याच वाटेने छडी आणि घोकंपट्टीही पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते.

कुंभकोणमात १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव यांचाही येथे थोडक्यात उल्लेख करायला हवा. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांची सुरुवात शिक्षक म्हणून झाली. १८४९ मध्ये ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांना १८८१ अखेर राज्याधिकार मिळण्यापूर्वी माधवरावांनी त्यांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली, ती पुढे छापली गेली. मुलांच्या संगोपनावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तिकेचे मराठीसह काही भारतीय भाषांत अनुवाद झाले. त्यांच्या या शिष्याने १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

वलंगैमानचे शास्त्री

कुंभकोणमजवळ वलंगैमान नावाचे गाव आहे. तेथील एका गरीब भिक्षुक घरात १८६९ मध्ये व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांचा जन्म झाला. त्यांचे शालेय शिक्षण कुंभकोणमच्या नेटिव्ह हायस्कूलमध्ये आणि उच्च शिक्षण वर सांगितलेल्या कॉलेजात झाले. पदवीनंतर मायावरम, सेलम अशा ठिकाणी शिक्षकी करून ते मद्रासच्या त्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. शिक्षकांची संघटना हवी असे त्यांना वाटले आणि त्यातून मद्रास टीचर्स गिल्ड उभे राहिले. शिक्षकाने एकट्याने वर्गात झगडण्यापेक्षा धंद्यातील माणसांनी एकत्र बसून आपले काम तपासावे, ही त्यामागची कल्पना होती.

पुण्याशी त्यांचा संबंध आला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांमुळे. गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. शास्त्रींनी मुख्याध्यापकपद सोडून १९०७ मध्ये या समाजात प्रवेश केला. समाजाच्या सभासदाला पहिली पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. या काळात अभ्यास आणि देशभर प्रवास अपेक्षित होता. आधी शिका, देश पाहा, मग बोला, अशी गोखल्यांची शिस्त. फर्ग्युसन कॉलेजात अनेक वर्षे शिकवलेल्या माणसाने घालून दिलेली ही शिस्त होती आणि ती पाळायला आलेला मनुष्य स्वतः मुख्याध्यापक होता. गोखले १९१५ मध्ये वारल्यानंतर समाजाचे अध्यक्षपद शास्त्रींकडे आले. पुण्यात स्थापन झालेल्या, मराठी माणसांचे वजन असलेल्या संस्थेचे नेतृत्व एका तमिळ शिक्षकाकडे जावे, याचे आज आपल्याला जितके आश्चर्य वाटते तितके त्या काळी त्या वर्तुळात वाटले नसावे.

पुढची गोष्ट दक्षिण आफ्रिकेची आहे. १६ नोव्हेंबर १८६० रोजी 'ट्रुरो' हे जहाज मद्रासहून करारबद्ध मजूर घेऊन डर्बनला पोहोचले. त्यानंतरच्या अर्धशतकात नाताळमधील उसाच्या मळ्यांवर फार मोठ्या संख्येने हिंदी मजूर गेले, त्यांत तमिळ आणि तेलुगू भाषकांचा भरणा अधिक होता. त्यांच्या मुलांसाठी असलेल्या शाळा मुख्यतः मिशनच्या मदतीने चालत. त्या अपुऱ्या होत्या, आणि शिकवणारे बहुतेक अप्रशिक्षित. १९२७ च्या केपटाऊन करारात दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या : जे हिंदी लोक मायदेशी परततील त्यांना मदत, आणि जे राहतील त्यांची उन्नती. हा करार अमलात यावा म्हणून भारत सरकारचा पहिला एजंट म्हणून शास्त्री १९२७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले.

उन्नती या मोघम शब्दाचा अर्थ शास्त्रींनी शाळा असा घेतला, आणि शाळेचा अर्थ आधी शिक्षक असा घेतला. येथे त्यांच्यातला जुना मुख्याध्यापक दिसतो. १९२८ मध्ये नाताळमध्ये हिंदी लोकांच्या शिक्षणाची चौकशी झाली. तिच्या साहाय्यासाठी भारतातून दोन तज्ज्ञ बोलावण्यात आले. एक संयुक्त प्रांताच्या शिक्षण खात्यातील के. पी. किचलू आणि दुसऱ्या मद्रासच्या सैदापेठ शिक्षक महाविद्यालयातील मिस सी. गॉर्डन. शिक्षकांना शिकवणे हेच ज्यांचे काम अशा एका बाईंनी मद्रासहून समुद्र ओलांडून नाताळच्या शाळा पाहिल्या आणि काय कमी आहे ते कागदावर मांडले. आजच्या भाषेत ज्याला आंतरराष्ट्रीय शिक्षक-प्रशिक्षण सल्लागार म्हणतात ते हेच काम. त्यांच्यावर स्वतंत्र लेखन फारसे नाही. इतिहासात एजंट लक्षात राहतात, प्रशिक्षक राहत नाहीत.

सरकार जागा आणि चालवण्याचा खर्च देणार असेल तर इमारत आम्ही बांधतो, या तत्त्वावर शास्त्रींनी हिंदी समाजाकडून वर्गणी जमवली. डर्बनच्या व्यापाऱ्यांनी आणि सामान्य लोकांनी पैसे दिले. त्यातून उभे राहिलेले शास्त्री कॉलेज ऑक्टोबर १९२९ मध्ये उघडले, तेव्हा शास्त्री स्वतः भारतात परत आलेले होते. तेथे माध्यमिक शाळा आणि शिक्षक-प्रशिक्षण असे दोन्ही विभाग होते. भारतातूनही पदवीधर शिक्षक नेण्यात आले. हिंदी मुलांना माध्यमिक शिक्षण द्यायचे तर शिकवणार कोण, या प्रश्नाला आता डर्बनमध्येच उत्तर तयार होऊ लागले.

शास्त्रींच्या कामाला मर्यादा होत्या आणि त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ज्या करारावर हे सारे उभे होते तो करार हिंदी लोकांची तेथील संख्या कमी करण्याचाही होता, आणि त्यासाठी त्यांच्यावर तेव्हाच टीका झाली. कॉलेज फक्त हिंदी मुलांसाठी होते. वर्णभेदाच्या चौकटीला त्याने हात लावला नाही. त्याच शहरातील आफ्रिकी मुलांचा प्रश्न या साऱ्या चर्चेत जवळजवळ नव्हताच. 'जागतिक शिक्षण' म्हणताना जग कुणाचे, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. तरी इतके नक्की की मन्रोला मद्रासमध्ये जो क्रम साधता आला नव्हता, शिक्षक आणि शाळा एकत्र उभे करण्याचा, तो येथे साधला.

तंजावरचे कुमारप्पा

शास्त्री डर्बनहून परतले त्याच वर्षी, म्हणजे १९२९ मध्ये, त्यांच्याच मुलखातील दुसरा एक माणूस साबरमतीला गांधीजींना भेटला. जे. सी. कुमारप्पा यांचा जन्म १८९२ मध्ये तंजावरला झाला. लंडनला हिशेबतपासनीसाचे शिक्षण, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, असा त्यांचा प्रवास. गुजरात विद्यापीठात असताना त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली. घरोघर जाऊन उत्पन्न, खर्च, कर्ज आणि जमीन यांची नोंद करणे हेच त्या मुलांचे अर्थशास्त्राचे शिक्षण झाले.

१९३४ अखेर अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली. कुमारप्पा संघाचे चिटणीस होते. मगनवाडीत ग्रामसेवकांना शिकवण्याचे वर्ग चालत : घाणी, मधमाश्या, हातकागद, हातसडीचा तांदूळ, सोनखत. पुढे जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्याच्या शीर्षकातच टिकणारी अर्थव्यवस्था ही कल्पना होती. १९४५ मध्ये ते गांधीजींच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. निसर्गाचे जे चक्र आपण मोडत नाही ते टिकते, जे मोडतो ते संपते, हा त्यातील युक्तिवादाचा गाभा. जंगल, कोळसा, खनिजे यांना ते निसर्गाची साठवण मानत आणि वाहती, पुन्हा भरणारी संपत्ती वेगळी धरत. 'शाश्वत विकास' हा शब्दप्रयोग जगाच्या तोंडी बसण्याच्या चार दशके आधी हा भेद एका तंजावरकराने केला होता आणि तो शिकवण्यासाठी वर्धा हे ठिकाण निवडले होते.

वर्ध्यातच ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन समितीने नई तालीमची योजना आखली आणि पुढच्या वर्षी वर्ध्याला शिक्षक-प्रशिक्षण सुरू झाले. नई तालीम का फसली यावर मतमतांतरे आहेत. जातीचा, हस्तकलेचा आणि मध्यमवर्गाच्या इंग्रजी शाळेच्या ओढीचा मुद्दा नेहमी मांडला जातो. माझ्या मते आणखी एक साधे कारण आहे. सेवाग्रामला सूत, शेती आणि स्वयंपाक यांतून गणित व विज्ञान शिकवण्याची तालीम घेतलेला शिक्षक ज्या शाळेत परत जाई, तेथे ना जमीन असे, ना अवजारे, ना या पद्धतीची परीक्षा घेणारा निरीक्षक. दोन वर्षांत तो पुन्हा फळ्याकडे वळे. प्रशिक्षण शिक्षकाला बदलते. शाळा बदलली नाही तर ती त्याला पूर्ववत करते.

कुंभकोणमच्या शिक्षकाला कुमारप्पांचा धडा वर्गात आणायचा तर साधनांची वाण नाही. भाताचे कुरुवै, सांबा आणि ताळडी हे हंगाम मेट्टूरच्या धरणातून पाणी केव्हा सुटते यावर ठरतात. प्रघाताची तारीख १२ जून. ते पाणी कर्नाटकातून येते, त्यामुळे येथील पाचवीचा भूगोल आंतरराज्य तंट्याशी आपोआप जोडला जातो. शेजारच्या स्वामिमलैचे स्थपती पंचधातूच्या मूर्ती ओततात, त्या साच्यासाठी कावेरीची गाळमातीच लागते. नदी आटली किंवा वाळू उपसली गेली तर केवळ शेतकऱ्याचे बिघडत नाही, मूर्तिकाराचेही बिघडते. हे पाठ्यपुस्तकात असण्याची गरज नाही. ते पाहायला शिकलेला शिक्षक मात्र हवा.

१६ जुलै २००४

सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून १८ डिसेंबर २००३ रोजी पुन्हा आदेश झाला आणि २००४-०५ या शैक्षणिक वर्षापासून शाळांत हा अभ्यासक्रम यावा असे ठरले. आपण पदवीच्या वर्गात जो अनिवार्य पर्यावरण अभ्यास शिकता, त्याचे मूळही याच खटल्यात आहे.

ते शैक्षणिक वर्ष सुरू होऊन काही आठवडेच झाले होते. १६ जुलै २००४ रोजी सकाळी कुंभकोणमच्या काशीरामन रस्त्यावरील एका शाळेच्या इमारतीत आग लागली. माध्यान्ह भोजन शिजवण्याच्या जागेतून ती वर शाकारलेल्या छपरापर्यंत पोहोचली. झावळ्यांचे पेटते छप्पर खाली बसलेल्या मुलांवर कोसळले. एकाच अरुंद इमारतीत अनेक वर्ग दाटीने भरवले जात होते आणि बाहेर पडायचा जिना चिंचोळा होता. ९४ मुले गेली. बहुतेक प्राथमिक वर्गांतली.

चौकशी झाली, खटला चालला, तमिळनाडूतील शाळांवरची शाकारलेली छपरे उतरवण्यात आली. येथे आपल्याला शिक्षकाच्या बाजूने एक गोष्ट पाहायची आहे. पर्यावरणाचा अभ्यासक्रम सक्तीचा होत असताना, मुले ज्या इमारतीत बसतात तिचा धोका ओळखणे, वर्ग रिकामा कसा करावा, लहान मुलांना कोणत्या क्रमाने बाहेर काढावे, हे शिक्षकाच्या पदविकेत कुठेच नव्हते. ओझोनचा थर होता, जिना नव्हता. हा दोष त्या शाळेतील कुणा एका शिक्षकाचा मानून चालणार नाही. शिक्षक घडवणाऱ्या आपल्या साऱ्या व्यवस्थेने शाळेची इमारत हा शिकवण्याचा विषय मानलाच नव्हता.

या आगीनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. सुरक्षित शाळेत शिकणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. निकालात इमारतींचे निकष आहेत, अग्निशामक साधने आहेत, आणि शिक्षक व इतर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर स्वतंत्र भाग आहे : साधने हाताळणे, मुलांना बाहेर काढणे, आपत्तीत त्यांचे रक्षण करणे यांचे शिक्षण प्रत्येकाला मिळाले पाहिजे. त्याच वर्षी शिक्षक-शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा आला आणि शिक्षण हक्काचा कायदाही झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण हे शब्द आले.

जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत किंवा अध्यापक विद्यालयात काम करणारा प्रशिक्षक आज हे सारे कागद टेबलावर घेऊन बसतो. हाताशी असतात सेवांतर्गत प्रशिक्षणाचे मोजके दिवस आणि समोर पन्नास शिक्षक. त्यांतल्या काहींना हजेरीचे प्रमाणपत्र हवे असते, काहींना खरोखर काही विचारायचे असते. हवामान बदलाची चित्रफीत दाखवून दिवस संपवता येतो. किंवा प्रत्येकाला आपापल्या शाळेचा आराखडा कागदावर काढायला सांगता येते : पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, स्वयंपाक कुठे होतो, दारे किती, ती उघडतात कुठल्या बाजूला, जिन्याची रुंदी किती. असा आराखडा काढायला बसल्यावर पुष्कळांच्या लक्षात येते की रोज जाऊनही आपल्याला शाळेचे मागचे दार कुलूपबंद असते की नाही हे सांगता येत नाही.

कुंभकोणमात त्या मुलांचे स्मारक आहे. दर वर्षी १६ जुलैला पालक तेथे दिवे लावतात.